पागेतील उमेदवारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून घोड्यांविषयी बोलावे, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. आपले गाव पोलादाचे. येथे घोडा दृष्टीस पडतो तो वरातीत, नवरदेवास पाठीवर घेऊन बँडच्या गजरात बावरलेला. तथापि १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर या मुलखात उतरले, ते घोडदळाच्या बळावरच. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत येथील कारभार पाहिला. म्हणजे आपल्यापूर्वी येथे आलेल्या मराठी माणसांच्या दारात घोडा बांधलेला होता. विषय अगदीच परका नाही.

आम्हांस बोलावयाचे आहे ते मात्र इतिहासाविषयी नव्हे, तर आपल्या मुलामुलींविषयी. शर्यतीच्या किंवा क्रीडेच्या घोड्यांची पैदास व जोपासना जेथे होते, अशा अश्वकेंद्रांत विद्यार्थी काही आठवडे वा महिने राहून काम शिकतात. त्यास आजची मुले ‘इंटर्नशिप’ म्हणतात; आपले वाडवडील त्यालाच उमेदवारी म्हणत. आपल्या शेजारी दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २०१२ पासून तेथे कामधेनू विश्वविद्यालयही आहे. पशुवैद्यकाच्या पदवीस साडेचार वर्षे अध्ययन व त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप, असा आजचा नियम आहे. गाई, म्हशी, शेळ्या आपल्या भागात विपुल. घोडे मात्र मोजके. ज्यास घोड्याचे वैद्यक शिकावयाचे, त्यास पुण्याकडे किंवा अन्यत्र जावेच लागते. आणि येथेच घरोघरी प्रश्न उभा राहतो.

आमच्या परिचयातील एक कन्या अशीच पुण्याच्या बाजूस एका अश्वकेंद्रात गेली. पहिल्या आठवड्यात तिने दूरध्वनीवर सांगितले की, पहाटे पाचला उठून ठाण झाडते, लीद भरते, मग खरारा करते. मातोश्रींचा संताप अनावर झाला. “अगं, तू डॉक्टर व्हायला गेलीस की मोतद्दार व्हायला?” कन्या शांतपणे म्हणाली, “आई, लीद पाहिल्यावाचून घोड्याचे पोट कळत नाही.”

हे उत्तर शास्त्रास धरून आहे. घोड्यास ओकारी होत नाही. पोटात वायू कोंडला, आतड्यास पीळ पडला, तर सुटकेचा तो मार्ग त्यास बंद असतो. म्हणूनच पोटशूळ हा घोड्याचा मोठा वैरी. सकाळची लीद कमी पडली, चंदी तशीच उरली, घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहू लागला, ही लक्षणे प्रथम दिसतात ती ठाण झाडणाऱ्यास. पुस्तकात ती चार ओळींत वाचता येतात. ओळखता येतात ती रोजच्या सहवासाने.

तीच गोष्ट प्रसूतीची. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्री विते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागावे आणि तीन तासांच्या आत वार पडावी, असा ठोकताळा आहे. शिंगरू जन्मते ते रोगप्रतिकाराची शिदोरी जवळजवळ न घेताच. ती त्यास आईच्या चिकातून मिळते, आणि तीही पहिल्या काही तासांतच नीट अंगी लागते. त्या कन्येने अशा कित्येक रात्री कंदिलाऐवजी विजेरी घेऊन जागून काढल्या. एका रात्री शिंगरू उभे राहीना, तेव्हा घड्याळ पाहून तिनेच वरिष्ठ डॉक्टरांस उठविले. शिंगरू वाचले. मातोश्री आता ही हकीकत हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीस सांगतात!

शिवछत्रपतींच्या पागेची रचना सभासदाने नोंदविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्यांच्यामागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी भरणारा आणि नाल ठोकणारा यांची गणती त्या रचनेत मानाने झाली आहे. मग लीद काढणे आपल्या पदवीधर मुलांस कमीपणाचे कसे?

शिवाय या क्षेत्रास आज नवे दिवस आले आहेत. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत भारताने अश्वक्रीडेत तीन सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर सुवर्णासाठी एकेचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. २०२३ साली हांगचौ येथे ‘ड्रेसाज’ म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या सांघिक स्पर्धेत सुवर्ण मिळाले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता आणि आपल्याजवळच्या इंदूरची सुदीप्ती हजेलाही. ऑलिंपिकमधील या खेळात स्त्रीपुरुष एकाच मैदानात, एकाच नियमाने उतरतात, हे मुलींच्या पालकांनी ध्यानी घ्यावे. आणि प्रत्येक स्वारामागे वैद्य, नालबंद, चाबुकस्वार व मोतद्दार लागतातच.

तथापि उमेदवारीच्या नावाखाली फुकटची मजुरी करून घेणारेही असतात. म्हणून पाठविण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. शिकविणार कोण, आणि दिवसातून किती वेळ? विद्यावेतन किती? निवासाची, विशेषतः मुलींच्या निवासाची, व्यवस्था काय? आठवड्याची सुटी आहे काय? अपघाताचा विमा कोणी उतरविला आहे? घोडा सुमारे पाचशे किलो वजनाचा आणि स्वभावाने भित्रा. त्याची लाथ रागाची नसली तरी हाड मोडते. शिरस्त्राणाशिवाय रपेट नाही आणि धनुर्वाताची लस घेतल्याशिवाय तबेल्यात पाऊल नाही, हे नियम जेथे पाळले जात नाहीत, तेथून मूल निःसंकोच परत आणावे.

भिलाईकरांस उमेदवारीचे महत्त्व आम्ही काय सांगावे? १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आपले अभियंते तेथे जाऊन भट्टीसमोर उभे राहून शिकून आले आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या गावाचा पायाच हाताने काम शिकण्यावर उभा आहे, त्या गावाने पागेतील उमेदवारीस नाक मुरडू नये.

शेवटी मंडळास एक विनंती. केंद्र सरकारच्या नोकरीत आमच्या बदल्या पुष्कळ झाल्या आणि प्रत्येक गावी आम्हांस आधी महाराष्ट्र मंडळाचा पत्ता सापडला, मग घर. हाच आधार आता मुलांस उलट दिशेने हवा आहे. पुणे, नाशिक, मुंबई येथे आपल्या प्रत्येकाचे कोणी ना कोणी नातलग आहेत. रविवारी जेवावयास बोलावतील, अडीअडचणीला धावून जातील अशा घरांची एक यादी मंडळाच्या कार्यालयात या महोत्सवी वर्षात तयार व्हावी. पहिली दोन नावे, आमच्या थोरल्या बंधूंचे आणि मेहुण्यांचे, आम्ही आजच चिटणीसांकडे लिहून देत आहोत.