पायी निघण्याची तारीख



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'हवामान' असे सांगितले. त्यांचा समज झाला की मी राजकीय हवेवर बोलणार. कामगार चळवळीत केस पिकलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे! पण मला बोलावयाचे आहे ते खऱ्याखुऱ्या हवेबद्दल. ऊन, वारा, दमटपणा आणि पाऊस यांबद्दल. तेही एका प्रश्नापुरते. हजारो माणसे बरोबर घेऊन पायी लांबचा पल्ला गाठावयाचा असेल, तर निघावे कोणत्या तारखेला?

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. मालेगाव आणि भिवंडी ही यंत्रमागांची दोन गावे मुंबई-आग्रा या एकाच रस्त्यावर आहेत. मालेगावहून निघून नाशिक आणि भिवंडी घेत मुंबईपर्यंत माग-कामगारांची पदयात्रा काढावी, असा विचार आमच्यात चालू आहे. अंतर सुमारे २८० किलोमीटर. बारा दिवसांचे चालणे. आमच्यातील तरुण मंडळींचे म्हणणे असे की, १ मे रोजी मुंबईत पोहोचावे. कामगार दिन तोच आणि महाराष्ट्र दिनही तोच. भाषणाला ही तारीख फार शोभते. मी फक्त एवढेच विचारले की, १ मेला पोहोचावयाचे तर मालेगाव सोडावयाचे २० एप्रिलच्या सुमारास. त्या दिवसांत मालेगावचा पारा चाळिशीच्या वर असतो, हे तुम्हांला माहीत आहे ना?

तारीख ठरविण्याचे काम आपल्या समाजाला नवे नाही. आषाढीची वारी पाहा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला ज्ञानोबांची आळंदीहून. तारीख कोणी निवडीत नाही, ती तिथीने ठरलेली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. तेव्हा ही तिथी सरकत सरकत हिवाळ्यात गेली असती. ती जात नाही, कारण साधारण ३३ महिन्यांनी येणारा अधिक मास तिला पुन्हा पावसाळ्याच्या तोंडाशी आणून ठेवतो. ज्यांनी हे गणित बसविले त्यांना माझा नमस्कार. परंतु पंचांग ऋतू सांगते, त्या वर्षीची हवा सांगत नाही. २०२३ साली ज्ञानोबांची पालखी ११ जूनला निघाली, आणि मोसमी पाऊस मुंबईत आला २५ जूनला. वारकऱ्यांची निम्म्याहून अधिक वाट उन्हात गेली. २०२५ साली पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. पालखी निघाली १९ जूनला. हवामान खात्याच्या हिशेबी मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने सरासरी एकदा पंधरवडाभर अलीकडे फसली आणि एकदा पंधरवडाभर पलीकडे. सरासरी ही चांगली गोष्ट आहे, परंतु सरासरी अंगावर पडत नाही. अंगावर पडतो तो त्या दिवसाचा पाऊस.

दुसरे उदाहरण दांडीचे. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमतीहून निघाले, २४ दिवसांत २४१ मैल चालले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. ६ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताहाचा पहिला दिवस. आरंभाची तारीख नेहमी अशी शेवटच्या तारखेपासून मागे मोजीत आणावी लागते. पण त्यात हवेचाही भाग होता, तो फारसा कोणी सांगत नाही. समुद्रकाठी मीठ आपोआप जमते ते कोरड्या दिवसांत; पावसाळ्यात मिठाचा कायदा मोडावयाचा म्हटले तरी मीठच सापडावयाचे नाही! आपल्याकडे वडाळा आणि शिरोडे येथील मिठाचे सत्याग्रह मेमध्ये गाजले. जून उजाडला, मिठागरे पाण्याखाली गेली, आणि महाराष्ट्रातील चळवळ मिठावरून जंगलाकडे वळली. चिरनेरचा जंगल सत्याग्रह २५ सप्टेंबर १९३० चा. चळवळीने ऋतूप्रमाणे कायदा बदलून घेतला, असे म्हटले तरी चालेल.

आता अगदी आपल्या दारावरून गेलेली गोष्ट. ६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि १२ मार्चला पहाटे मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ३० किलोमीटर. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाण्यास अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला. या गोष्टीचे सर्वांनी कौतुक केले, आणि ते योग्यच होते. तळपायाची सोललेली कातडीही सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिली. पण मी तारखेकडे पाहतो. मार्चच का? विधिमंडळ डिसेंबरात नागपूरला बसते. तेव्हा मुंबईत येऊन गाऱ्हाणे सांगावयाचे कोणाला, समुद्राला? अर्थसंकल्पाचे अधिवेशन मुंबईत भरते ते फेब्रुवारीअखेर ते मार्च. आणि मार्चचा पूर्वार्ध संपला की कोकणपट्टीची हवा बेभरवशाची होते. मोर्चा पोहोचल्यावर तेराच दिवसांनी, २५ मार्च २०१८ रोजी, सांताक्रूझला ४१ अंश तापमान नोंदले गेले. तोच मोर्चा दोन आठवडे उशिरा निघता तर काय झाले असते, याची कल्पना मला करवत नाही.

समुद्राकाठच्या मुंबईत मार्चमध्ये ४१ अंश कसे? १९५६ च्या २८ मार्चला तर तेथे ४१.७ नोंदले गेले आहे. कारण साधे आहे. सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो. दुपारच्या सुमारास समुद्रावरचा वारा सुरू होतो आणि पारा थांबतो. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा येतो, त्या दिवशी भट्टी पेटते. भिवंडी तर समुद्रापासून आणखी आत. आपल्याकडे तो वारा पोहोचेपर्यंत दुपार टळलेली असते.

पण पाऱ्यापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे दमटपणा, आणि तो समजून घेण्यास आम्हां मागवाल्यांना शाळेची गरज नाही. हवा कोरडी झाली की सूत तुटू लागते, ताणा जोडता जोडता बोटे दुखतात. म्हणून जुन्या गिरण्यांत विणखात्याच्या हवेत मुद्दाम ओलावा सोडीत. दमट हवेत सूत खूश आणि माणूस बेजार! १९४८ च्या कारखाना कायद्याखालील नियमांप्रमाणे अशा खात्यात दोन तापमापके शेजारी शेजारी टांगीत, एक कोरडे आणि दुसऱ्याच्या फुग्यावर ओले फडके. ओल्या फडक्यातून पाणी उडून गेले की ते तापमापक थंड पडते. माणसाचे अंग हेच दुसरे तापमापक होय. घाम उडाला तर अंग निवते. हवाच ओली असेल तर घाम नुसता गळतो आणि आतला ताप आतच राहतो. त्यामुळे नाशिकचे कोरडे ३८ अंश माणूस सावलीत बसून सोसतो, पण शहापूरच्या खाली ३६ अंशही त्याला आडवे करतात. हवामान खातेसुद्धा उष्णतेच्या लाटेचा उंबरठा मैदानी मुलखात ४० अंश धरते आणि किनारपट्टीवर ३७.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर काय झाले, हे आपण विसरलेले नसाल. लोक चालत नव्हते, नुसते उघड्यावर बसले होते. पारा ३८ च्या आसपास होता. १४ माणसे गेली. त्यानंतर दुपारी १२ ते ५ या वेळात सरकारी कार्यक्रम उघड्यावर घेऊ नयेत असे ठरले. ही अक्कल फुकट मिळालेली नाही.

याच कारणाने नाशिककडून मुंबईकडे येणाऱ्या यात्रेला एक चोरटा धोका आहे. कसारा घाटाने रस्ता खाली उतरतो. उतार म्हणून सर्वांना बरे वाटते. पण उतरता उतरता आपण कोरड्या हवेतून दमट हवेत शिरतो, आणि तेही पाय थकल्यानंतर. म्हणून घाटाखालचे टप्पे घाटावरच्यापेक्षा लहान धरले पाहिजेत. आमचे कार्यकर्ते नेमके उलट करतात. मुंबई जवळ आली की त्यांना घाई सुटते.

आता अंदाज कसा वापरावा. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले; न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेही १८७५ सालीच. दोघांनाही लोक अधूनमधून हसतात आणि दोघांवाचून चालतही नाही. खात्याकडे निरनिराळ्या मुदतीचे माल आहेत, आणि कोणता माल कशाला हे न कळल्याने आपण खात्याला शिव्या देतो. तीस वर्षांच्या सरासऱ्या असतात. त्यांवरून फक्त महिना ठरवावा. दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज निघतो; त्यात अमुक दिवशी पाऊस असे नसते, आठवडा नेहमीपेक्षा तापलेला की निवलेला, ओला की कोरडा, एवढेच असते. त्यावरून आठवडा ठरवावा, किंवा ठरलेला पुढे ढकलावा. आणि रोज निघणारा पुढील काही दिवसांचा जिल्हावार इशारा, हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा, हा मुक्काम आणि तास ठरविण्यासाठी. गुरुवारच्या अंदाजावरून मंगळवारची दुपार ठरवू पाहणारा माणूस फसतो, आणि सरासरीवरून आठवडा ठरविणाराही. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून किसान सभेचा मोर्चा पुन्हा निघाला आणि वासिंदला थांबला. त्याच आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या. मार्च कोरडा असतो ही सरासरी. माणसे रस्त्यावर, आणि गावाकडे पीक गारांखाली.

मला कोणी विचारतात, एवढा विचार कशाला? गरीब माणूस उन्हातच जन्मतो. हे वाक्य बहुधा पंख्याखाली बसून उच्चारलेले असते. २०२० सालच्या मेमध्ये याच गावातून लोक चालत निघाले. माग बंद, भिसीत जेवण बंद, खोलीचे भाडे चढलेले. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्टेशनावरून गोरखपूरला गाडी सुटली, पण सर्वांच्या नशिबी गाडी नव्हती. रात्री माणसे आमच्या कचेरीत येत आणि विचारीत, 'भाऊ, कधी निघू?' त्यांना तारीख निवडण्याची सोय नव्हती, म्हणून मी तास सांगत असे: पहाटे तीनला निघा, नऊला झाड गाठा, ऊन कलल्यावर उठा, घाट अंधारात चढा, मुलाच्या डोक्यावर ओले फडके ठेवा. यापलीकडे मजजवळ काही नव्हते. ज्यांच्यावर सक्ती होती त्यांचे चालणे आणि आपण आपखुशीने काढतो ती पदयात्रा यांत फरक असेल तर हाच, की आपल्याला तारीख निवडता येते. ती निवडण्याचा कंटाळा करून दुसऱ्याच्या अंगावर ऊन घेणे याला मी शौर्य म्हणत नाही.

तेव्हा आमच्या यात्रेची तारीख. १ मे मी खोडली. मार्चचा पहिला आठवडा सर्वांत सोयीचा दिसतो. पण भिवंडी-मालेगावात माग चालविणारे निम्मे भाऊ रोजे धरतात. हिजरी वर्षात अधिक मास नाही, म्हणून रमजान सर्व ऋतूंतून फिरतो, आणि २०२७ साली तो ८ फेब्रुवारीच्या सुमारास लागून ईद १० मार्चच्या आसपास येते. पाण्याचा घोट न घेता ३० किलोमीटर चाला, असे मी कोणाला सांगणार नाही. ईदनंतर निघालो तर २०१८ चा तो ४१ अंशांचा पंधरवडा आडवा येतो. म्हणून माझी सूचना अशी: २६ जानेवारीला मालेगावात झेंडावंदन करून निघावे आणि ६ फेब्रुवारीला मुंबईत पोहोचावे. रोजे सुरू होण्यापूर्वी सर्व जण घरी. अधिवेशन तेव्हा नसेल, हा आक्षेप मला मान्य आहे. पण अर्थसंकल्प सभागृहात वाचला जातो मार्चमध्ये, शिजतो मात्र त्याआधी. शिजत असताना दार ठोठावलेले काय वाईट?

यात्रेच्या अखेरीस अमावास्या जवळ, चांदणे नाही. पण जानेवारीत रात्री चालण्याची गरजच नाही. अडचण निराळी आहे: थंडी. चांदवड, पिंपळगाव, निफाडचा तो पट्टा जानेवारीत गारठतो, आणि मागावर गंजीफ्रॉकात घाम गाळणाऱ्या आमच्या माणसाजवळ घोंगडे नसते. पहिले पाच मुक्काम छपराखाली हवेत. शाळांचे व्हरांडे, मंगल कार्यालये, मशिदींची आवारे, जे मिळेल ते.

आणखी एक गोष्ट आमच्या कार्यकारिणीला मी सुचविली आहे, ती अजून मंजूर झालेली नाही. यात्रेबरोबर एक माणूस असा हवा की ज्याचे काम फक्त हवा पाहणे. त्याच्या पिशवीत दोन तापमापके, एक ओल्या फडक्याचे. त्याने 'थांबा' म्हटले की अध्यक्षानेही थांबावयाचे. अध्यक्षांना ही शेवटची ओळ जाचते आहे. येत्या सभेत तिच्यावर मतदान आहे.

आपले प्रश्न असतील तर आता विचारावेत.