वाऱ्यावरचा धंदा



पतंग म्हटला की आपल्याला संक्रांत आठवते. कागद, कामट्या आणि मांजा. कटला तर कटला, पोरं दुसरा आणतात. आज आम्ही ज्या पतंगाबद्दल बोलणार आहोत तो नवा घ्यायचा तर दीड-दोन लाख रुपये मोजावे लागतात. तो कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पायाखाली फळी घ्यायची, आणि वारा आपल्याला समुद्रावरून ओढत नेतो. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. खेळ पैसेवाल्यांचा आहे, त्यात वाद नाही. पण हे पतंग शिवणारे हात पैसेवाल्यांचे नाहीत, म्हणून हा विषय घेतला. शिवणकाम करणाऱ्या आपल्या बऱ्याच गटांना वाटतं, एकदा परदेशी मालाची ऑर्डर मिळाली की चिंता मिटली. तर असा एक परदेशी माल घेऊ आणि त्याचा धंदा उसवून बघू.

आधी वस्तू समजून घ्या. बारा चौरस मीटरचा पतंग म्हणजे साधारण दहा बाय तेरा फुटांची खोली झाकेल एवढं कापड. हे कापड पॉलिएस्टरचं, बारीक चौकड्यांच्या विणीचं असतं, त्यामुळे एका जागी फाटलं तरी फाट पुढे पळत नाही. जपानच्या तेइजिन कंपनीचं असं कापड कितीतरी कंपन्या वापरतात. पतंगाच्या पुढच्या कडेला जाड कापडाची नळी शिवलेली असते. तिच्या आत सायकलच्या ट्यूबसारखी रबरी पिशवी असते आणि ती पंपानं फुगवायची. खाली वीस-बावीस मीटरच्या चार दोऱ्या. कापडाचे तुकडे यंत्रावर बिनचूक कापले जातात, पण जोडायला माणूसच लागतो. शिवण दोन सुतं इकडेतिकडे झाली तर पतंग आकाशात एका बाजूला ओढतो, आणि खाली माणूस लटकलेला असतो.

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी १९८४ मध्ये अशा फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. बरीच वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी खेळानं जोर धरला आणि मग मोठ्या कंपन्या उतरल्या. पुढे पेटंटची मुदत सरली आणि कुणीही पतंग बनवायला मोकळा झाला. गिऱ्हाईक मूठभर, दुकानं ढीगभर. या धंद्याचं पहिलं दुखणं हे.

दुसरं दुखणं आमच्या मते सगळ्यात मोठं आहे, आणि ते कंपन्यांनी स्वतःच ओढवून घेतलेलं आहे. ते म्हणजे दर वर्षी नवं मॉडेल. पतंग तोच, कापड तेच, कुठे एक शिवण बदलली, कुठे वजन थोडं कमी केलं, रंग नवे दिले आणि वर पुढच्या सालाचा शिक्का मारला. शिक्का पडला की मागचा माल एका रात्रीत जुना. समजा, युरोपातल्या एका किनाऱ्यावरच्या दुकानदारानं उन्हाळ्यासाठी वीस पतंग भरले. ऑर्डर त्याला कितीतरी महिने आधी द्यावी लागते, वारा कसा असेल ते कळायच्या आधी. त्यातही गिऱ्हाइकाला वारा कमी असेल तर मोठा पतंग लागतो, जास्त असेल तर छोटा, म्हणून सगळे आकार ठेवायचे. त्या उन्हाळ्यात वारा रुसला आणि बारा पतंग विकले. उरले आठ. तोवर नवं मॉडेल आलं. आता हे आठ तो तीस-चाळीस टक्के कमी भावानं काढणार, म्हणजे बारांवर कमावलेलं आठांवर घालवणार. आणि गिऱ्हाईक काही खुळं नाही. त्याला कळलंय की चार महिने थांबलं तर तोच पतंग स्वस्तात मिळतो. मग पूर्ण किमतीला घ्यायला कोण येईल? दिवाळी झाल्यावर उरलेल्या आकाशकंदिलांचं काय होतं हे ज्या गटांनी पाहिलंय त्यांना आणखी सांगायला नको.

सगळेच असं करतात असं नाही. जर्मनीत फेमार्न नावाच्या बेटावरची कोअर ही कंपनी पतंगावर साल घालत नाही, नुसता क्रमांक घालते. सुधारणा खरोखर झाली की पुढचा क्रमांक. त्यामुळे दुकानातला माल कॅलेंडर उलटल्यानं म्हातारा होत नाही. आम्हाला यात शहाणपण दिसतं.

मग करोना आला. सुरुवातीला सगळं बंद, आणि नंतर उलटंच झालं. लोकांना उघड्यावरचे खेळ हवेसे झाले आणि मागणी एकदम वाढली. पण माल आशियात शिवला जातो आणि विकला जातो युरोप-अमेरिकेत. जहाजाच्या एका मोठ्या कंटेनरचं भाडं, जे आधी दीड-दोन हजार डॉलर असायचं, ते सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेलं. माल मिळत नाही म्हणून कंपन्यांनी आणि दुकानदारांनी गरजेपेक्षा जास्त ऑर्डरी दिल्या. तो सगळा माल पोचला तेव्हा लोकांची हौस फिटली होती आणि युरोपात महागाई वाढली होती. गोदामं तुंबली. गोदामं भरलेली असताना नवी ऑर्डर कोण देणार? त्यातच विंगफॉइल नावाचा नवा खेळ आला. त्यात दोऱ्या नसतात, हातातच पंखासारखं शीड धरायचं. पतंगाची काही गिऱ्हाइकं तिकडे वळली.

आता शिवणाऱ्यांकडे येऊ. जगातले बरेच नामांकित पतंग आपल्या शेजारच्या श्रीलंकेत शिवले जातात. तिथे १९७८ मध्ये काटुनायके इथे निर्यातीसाठी वेगळा औद्योगिक विभाग सुरू झाला, पुढे असे आणखी झाले. या विभागांतल्या शिवणकामात बहुसंख्य बाया आहेत, खेड्यातून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या.

२०२२ मध्ये श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली. एप्रिलमध्ये देशानं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. वीज जायची, पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागायच्या. डॉलरला साधारण दोनशे तिथले रुपये पडायचे, ते काही आठवड्यांत साडेतीनशेच्या वर गेले. आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही. पतंग डॉलर-युरोत विकला जातो. म्हणजे तोच पतंग विकून आता जास्त रुपये हातात येतात. पण शिवणारीचा पगार रुपयांत ठरलेला. त्याच वर्षी तिथे खाण्यापिण्याची महागाई नव्वद टक्क्यांच्या वर गेली. पगार थोडाफार वाढला तरी ताटातलं निम्मं झालं. तिनं शिवण तेवढीच सरळ घातली होती. श्रीलंकेतल्याच कल्पिटिया किनाऱ्यावर वाऱ्याच्या मोसमात परदेशी पाहुणे हे पतंग उडवायला येतात, आणि त्यातला एक पतंग घ्यायला शिवणारीला कित्येक महिन्यांचा पगार पुरणार नाही.

सावरतंय असं वाटलं तर २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं श्रीलंकेहून येणाऱ्या मालावर ४४ टक्के जादा कर जाहीर केला. घासाघीस होऊन ऑगस्टमध्ये तो २० टक्क्यांवर आला. असा कर भरतो अमेरिकेतला आयातदार, पण तो लगेच कारखान्याला म्हणतो, तुम्ही दर उतरवा. कारखाना कुणाला म्हणणार? ओळीत शेवटी उभं कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे.

नावाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. बोर्ड्स अँड मोर नावाची युरोपातली कंपनी ‘नॉर्थ’ हे नाव लावून पतंग विकायची. नाव तिचं नव्हतं, नॉर्थ सेल्स या शिडं बनवणाऱ्या कंपनीकडून परवान्यानं घेतलेलं होतं. वर्षानुवर्षं पैसा ओतून तिनं ते नाव खेळात मोठं केलं. २०१८ मध्ये परवान्याचं नातं तुटलं, आणि तिला त्याच पतंगांवर ‘ड्युओटोन’ असं नवं नाव घालावं लागलं. जुन्या नावानं नॉर्थ सेल्सनं स्वतःचे पतंग आणले. भाड्याच्या घराच्या अंगणात आंबा लावावा आणि मोहर आला की घर सोडावं लागावं, तसं. दुसऱ्याच्या नावानं मसाला किंवा पापड भरून देणाऱ्या गटांनी करारनामा पुन्हा एकदा वाचावा, एवढंच आम्ही म्हणू.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पतंगाची शर्यत पहिल्यांदा झाली, मार्सेयच्या समुद्रात. बायकांमध्ये ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजनं सुवर्णपदक मिळवलं. पण त्या शर्यतीचे पतंग वेगळे असतात, फुगवायच्या नळीचे नसतात, त्यामुळे नेहमीच्या मालाला पदकाचा थेट हातभार लागत नाही.

या सगळ्यात एक कोपरा मात्र चालतो, तो दुरुस्तीचा. उन्हानं कापड कुजतं, खडकावर घासून फाटतं, आतली पिशवी गळते, हवा भरायचं तोंड सुटतं. नवा पतंग परवडेनासा झाला की माणूस जुनाच सांधून घेतो, किंवा वापरलेला विकत घेऊन ठाकठीक करतो. स्पेनमधल्या तारिफासारख्या वाऱ्याच्या गावांत असे दुरुस्तीवाले आहेत. नागमोडी टाका घालणारं मशीन, त्याच जातीच्या कापडाचे तुकडे, चिकटपट्टी आणि पसरायला मोठं टेबल, एवढ्यावर त्यांचं दुकान उभं राहतं. त्यांना वर्षाचा माल आधी भरावा लागत नाही. गिऱ्हाईक फाटका पतंग स्वतः खांद्यावर टाकून आणतं आणि नेताना पैसे देऊन जातं.