कोरडी शाई

कवीला रेडिओवर बोलावतात ते कविता म्हणायला, असा माझा आजवरचा अनुभव. या वेळी मात्र ‘घरातल्या एखाद्या वस्तूविषयी बोला’ असं सांगण्यात आलं. मी प्रिंटर हा विषय निवडला. मी त्यातला जाणकार नाही. बी. ए.ला मराठी घेतलेला माणूस, यंत्राशी माझं नातं बेताचंच. पण या वस्तूनं मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं आणि त्यातून जे शिकलो ते चार जणांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

आमचे अब्बा प्राथमिक शिक्षक होते. ते गेल्यावर अम्मीच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं. पण अम्मीचं नाव कागदोपत्री तीन तऱ्हांनी लिहिलेलं निघालं. अब्बांच्या सेवापुस्तकात खतीजाबी, रेशनकार्डावर खतिजा आणि आधार कार्डावर खदिजा. अम्मी म्हणाली, ‘‘अरे, बाई तर एकच आहे ना?’’ तिचं म्हणणं बरोबर होतं, पण कागदाला ते पटवून द्यावं लागतं. प्रतिज्ञापत्र करा आणि सगळ्या कागदांच्या नकला तीन संचांत आणा, असा निरोप आला. शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची.

मी निर्धास्त होतो. घरात प्रिंटर होता! छपाई, स्कॅन, झेरॉक्स, सगळं एकातच करणारा. रंगीतही होता आणि स्वस्तात मिळाला म्हणून मी चार जणांना कौतुकानं सांगितलंही होतं. भाचीच्या प्रकल्पासाठी त्याला शेवटचा हात लावला होता, त्याला आठ महिने झाले होते. रात्री नऊ वाजता, बाहेर कोकणातला पाऊस कोसळत असताना, मी बटण दाबलं. यंत्र घरघरलं, कागद बाहेर आला. त्यावर नुसते पांढरे पट्टे. अक्षरं अर्धी उमटलेली, अर्धी गायब. अम्मीचं नाव आता चौथ्या तऱ्हेनं छापलं गेलं होतं.

यंत्रातच साफसफाईची सोय असते. ती मी तीनदा वापरली. पट्टे गेले नाहीत, उरलीसुरली शाई मात्र गेली. सकाळी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तर रात्रीपासून वीज नव्हती. नकला हातात पडेपर्यंत दुपार झाली. कार्यालयातून उत्तर मिळालं, ‘पुढच्या महिन्यात या.’ अम्मीची रक्कम दोन महिने लांबली. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या काही थांबल्या नाहीत, माझी मान मात्र खाली गेली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘तुझ्या अब्बांनी रात्रभर बसून हातानं नकला केल्या असत्या.’’

हातानं नकला करायला कंटाळलेल्या एका माणसानंच तर हे सगळं सुरू केलं. अमेरिकेतले चेस्टर कार्लसन एका कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीला होते. कागदांच्या प्रती पुरेशा कधी नसायच्या, आणि संधिवातामुळे हातानं उतरवून काढणं त्यांना जड जायचं. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत, २२ ऑक्टोबर १९३८ रोजी, त्यांनी आणि त्यांच्या मदतनिसानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा सुती रुमालानं घासला, त्यावर अक्षरांतून प्रकाश टाकला, बारीक भुकटी भुरभुरली आणि मेणकागदावर ती अक्षरं उचलून घेतली. कागदावर तारीख आणि अ‍ॅस्टोरिया एवढंच होतं. बाजारात चालेल असं यंत्र यायला पुढं १९५९ साल उजाडलं. ‘झेरॉक्स’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे, पण तो ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे ‘कोरडं’. ओल्या शाईशिवाय केलेली नक्कल, म्हणून झेरॉक्स.

श्रोतेहो, माझ्या फजितीचं सगळं उत्तर या एका शब्दात होतं. घरगुती प्रिंटर मुख्यतः दोन जातींचे. पहिली इंकजेट. यात पातळ शाई केसाहून बारीक छिद्रांतून कागदावर फवारली जाते. यंत्र महिनोन् महिने पडून राहिलं की त्या छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते, जसं शाईचं पेन टोपणाविना राहिलं की निब धरतं, तसं. दुसरी जात लेझर. यात शाई नसतेच. टोनर नावाची कोरडी भुकटी असते. प्रकाशाच्या किरणानं फिरत्या नळकांड्यावर अक्षरं आखली जातात, विद्युतभारामुळे भुकटी तिथं चिकटते, कागदावर उतरते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेनं कागदात वितळून बसते. जे आधीच कोरडं, ते सुकणार कसं? चार महिन्यांनी चालू करा, पहिलं पान स्वच्छ येतं.

तेव्हा ज्यांच्या घरी महिन्याला दहा-पंधरा पानं निघतात, तीही अर्ज, दाखले, पावत्या अशी काळी-पांढरी, त्यांनी एकरंगी लेझर, स्कॅनरसकट, घ्यावा. किंमत साधारण पंधरा ते वीस हजार. डोळे मोठे होतात खरे. चार-पाच हजारांचा छोट्या काडतुसांचा इंकजेट समोर दिसतो आणि मोह होतो, मलाही झाला होता. पण तिथं यंत्र स्वस्त आणि शाई महाग असा मामला असतो. ज्यांच्या घरी शाळेतली मुलं आहेत, रंगीत चित्रं लागतात, त्यांना शाईच्या टाकीचा इंकजेट बरा. त्याच्या बाटलीत हजारो पानं निघतात. मात्र आठवड्या-पंधरवड्याला एक रंगीत पान काढायचा नेम हवा. तुळशीला पाणी घालतो तसा.

आता खरं बोलायचं तर पैशांच्या हिशेबात घरचा प्रिंटर बसत नाही. महिन्याला पंधरा पानं म्हणजे वर्षाला १८०. बाहेर पानाला दहा रुपये धरले तरी १,८०० रुपये. अठरा हजारांचं यंत्र वसूल व्हायला दहा वर्षं लागतील, टोनरचा खर्च वेगळाच. दुकान जवळ असेल, वीज टिकत असेल, घाई नसेल, तर खुशाल दुकानात जावं. मी घेतला तो दुसऱ्या कारणानं. त्या दुकानात काही महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा संगणकाच्या पडद्यावर अम्मीच्या आधार कार्डाची फाईल तशीच पडलेली दिसली. दुकानदार भला माणूस, त्यानं लगेच पुसली. पण मधल्या काळात ती किती जणांनी पाहिली असेल? आपल्या माणसाचे कागद असे चव्हाट्यावर पडलेले पाहिले की जीव थोडा होतो.

दुकानात गेलात तर काही प्रश्न जरूर विचारा. याचा टोनर किंवा शाई आपल्या गावात मिळते का? दुरुस्तीला माणूस घरी येतो, की यंत्र उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावं लागतं? सोबत येणारा टोनर पूर्ण भरलेला आहे की नमुन्यापुरता? शाई संपल्यावर स्कॅन तरी चालतं का? काही यंत्रांत तेही अडतं. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घेणारं बटण आहे का? सरकारी कामात याचा फार उपयोग होतो. आणि प्रतिज्ञापत्राचा लांब, लीगल आकाराचा कागद यात चालतो का? पुष्कळ यंत्रांत तो छापता येतो, पण स्कॅनची काच ए-फोर मापाचीच असते. मग लांब कागदाचं शेपूट बाहेर राहतं, आणि नेमकी सही त्या शेपटावर असते.

वापरातल्याही दोन-चार गोष्टी सांगतो. लेझर छपाईच्या वेळी तापतो, तेव्हा वीज एकदम खेचतो. त्याला घरच्या इन्व्हर्टरवर किंवा संगणकाच्या यूपीएसवर लावू नये. इंकजेट भिंतीवरच्या बटणानं बंद करू नये, त्याच्या स्वतःच्या बटणानं करावा. तसं केलं की त्याची छिद्रं झाकली जातात. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. ओलसर कागद लेझरमध्ये गुंडाळतो आणि अडकतो. आणि मराठी मजकूर फोनवरून पाठवायचा तर आधी त्याची पीडीएफ करावी, नाहीतर जोडाक्षरांची फाटाफूट होते. माझ्या एका कवितेत ‘क्षितिज’चे असे तुकडे झाले की त्यांतून ना सूर्य उगवे ना मावळे.

नवा प्रिंटर आला, त्यालाही आता दोन वर्षं झाली. मध्ये मध्ये तो दोन-तीन महिने झाकून असतो, त्याची काही तक्रार नाही. पहिल्या दिवशी अम्मीच्या प्रतिज्ञापत्राची प्रत काढली. ‘खतीजाबी, खतिजा आणि खदिजा ही एकाच व्यक्तीची नावे आहेत’ असं त्यात लिहिलेलं. अम्मीनं चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला, तिन्ही नावांवरून बोट फिरवलं. कागद अजून कोमट होता. म्हणाली, ‘‘एक जादा काढ. माझ्याजवळ ठेवते.’’ ती प्रत तिनं अब्बांच्या सेवापुस्तकात घालून ठेवली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)