धाब्याचं घर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आज शेंद्र्यात जिकडे पाहावं तिकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात. पण एमआयडीसी येण्याआधी या भागात शेतकऱ्याचं घर म्हणजे धाब्याचं घर. आमचं दुधनेकाठचं घरही तसंच होतं.

दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर बारीक लाकडं, मग लिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर चौरस फुटांत नव्हे, खणांत मोजायचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं घर सात खणांचं. पुढे ओसरी, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद आणि उजेडासाठी, धूर जाण्यासाठी छतात सवणं. वैशाखात बाहेर आग, आत गारवा.

बँकेत असताना अशा घरांपुढे मी 'कच्चे बांधकाम' असा शेरा मारत आलो. वडिलांचं घर ऐंशी वर्षं उभं होतं, पण माझ्या फॉर्मवर तेही कच्चंच ठरलं असतं!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. मला वाटलं, आपला शेरा बरोबरच होता. पुढे कारणं वाचली. भिंतीचे आतले-बाहेरचे दगड आरपार दगडांनी बांधलेले नव्हते. त्यात गळती थांबवायला जुन्या मातीवर दरवर्षी नवी माती चढवलेली, त्यामुळे छताचं ओझं वाढत गेलेलं. मात्र छताचा भार लाकडी खांबांवर होता अशा काही घरांत भिंती पडल्या, तरी छत तोलून राहिलं.

तेव्हा वडील आठवले. मृगाआधी नवी माती टाकण्यापूर्वी ते जुना थर खरवडायला लावायचे. दोन दिवसांचं काम वाढायचं, आम्ही पोरं कुरकुरायचो.

मंडळी, आपल्या गच्चीवर पंचवीस वर्षांत तीनदा वॉटरप्रूफिंग झालं, तिन्ही वेळा जुन्याच थरावर. स्वस्तात होतंय म्हणून मीही हात वर केला होता. आता चौथ्या थराचा विषय सभेपुढे आहे. या वेळी माझा हात वर होणार नाही. आधी इंजिनिअरला दाखवू, जुने थर काढू, मगच नवा टाकू. वर्गणी जास्त लागेल, हे मान्य. माझी पहिली पावती फाडा.