समान काम, असमान दाम



मी अर्थतज्ज्ञ नाही. बी. ए. झालो आणि बँकेत लिपिक म्हणून लागलो. तरी पगारातील तफावत हा विषय रोज खिडकीतून दिसतो, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

एकाच कामाला जात पाहून दोन पगार देणे आज सहसा जमत नाही. तफावत त्याआधीच पडते, कोणाला कोणत्या खात्यात शिरू द्यायचे इथे. मुंबईच्या कापडगिरण्यांत हे उघड होते. विणकाम खात्यात मजुरी जास्त. पण अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव. कारण काय, तर धोट्यातील बाबीण संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याने इतरांना विटाळ होई! म्हणून आपली माणसे कमी मजुरीच्या सूतकताईत राबली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणकाम खाते खुले करण्याची मागणी पुढाऱ्यांनी नाखुषीनेच मान्य केली. मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेलच तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांचे हे म्हणणे खोटे नव्हते, हेच अधिक बोचते. दार अडवून उभे होते ते शेजारचेच कामगार.

आता धोटा गेला, गिरण्याही गेल्या. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. विद्यार्थी मित्रांनो, इथे मुलाखतही झालेली नव्हती. मुलाखतीपर्यंत पोहोचलात तर "घरचे काय करतात?" हा प्रश्न असतोच. दिसायला साधा, पण सफाई कामगाराच्या मुलाची जीभ तिथे अडखळते.

दुसरी भिंत कंत्राटाची. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे बहुतेक दलित कामगार वर्षानुवर्षे कंत्राटदाराच्या नावावर राबले. कायम कामगाराच्या शेजारी तेच काम, पण वेतन कितीतरी कमी, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. त्यांची संघटना लढली. औद्योगिक न्यायाधिकरणाने कंत्राट हा निव्वळ देखावा ठरवला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल कायम ठेवला. त्याआधी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात याच न्यायालयाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू केले होते. पण निकाल आपणहून कोणाच्या खात्यात जमा होत नाही. त्या २,७०० जणांकडे संघटना होती. हजेरी, पगार यांचा पुरावा जमवण्याची चिकाटी होती.

म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. आपल्या वस्तीत कंत्राटदाराकडून पगार घेणारे पुष्कळ आहेत. पगाराची पावती मागा. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी क्रमांक मागा आणि कापलेली रक्कम खरोखर भरली जाते का ते पाहा. हजेरी स्वतःच्या वहीत तारखेनिशी लिहा. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांची ही वही लिहून द्यावी. कागद समजत नसतील तर रविवारी सकाळी मी संस्थेच्या कार्यालयात असतो. पासबुकासह घेऊन या.