‘टू’च्या पुढे दिवाळी

नोकरीचा अर्ज लिहून झालाय, सही तेवढी बाकी आहे आणि शेवटची ओळ उतरते : ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.’ नेमका इथेच पाय घसरतो. हवं होतं ‘टू मीटिंग यू’.

घसरतो, कारण मनात मराठी चालू असतं : ‘भेटायला उत्सुक आहे.’ भेटायला म्हणजे ‘टू मीट’, जायला म्हणजे ‘टू गो’, हे शाळेत इतकं घोटलेलं असतं, की ‘टू’ आला की हात आपसूक मूळ क्रियापदाकडे जातो. पण हा ‘टू’ त्या जातीचा नाही. ‘मुंबई टू पुणे’मधला ‘टू’ आठवा. त्याच्यापुढे नाम लागतं, नाहीतर नामासारखं वागणारं ‘आयएनजी’वालं रूप.

शंका आली, तर ‘टू’पुढे दिवाळी ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी.’ बसली? मग क्रियापदही ‘आयएनजी’ लावूनच येणार. ‘आय वॉन्ट टू’पुढे दिवाळी बसत नाही, तिथे ‘मीट’च.

काही जण ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर’ लिहितात. तो ‘फॉर’ ‘वेटिंग’कडून उसना आणलेला, परत करावा.

आणि हो, आपण वाट कशाचीही पाहतो, बसची आणि दाढ काढायच्या तारखेचीसुद्धा. ‘लुक फॉरवर्ड’मध्ये मात्र आनंद गृहीत आहे. दातांच्या डॉक्टरांना ते लिहिलंत, तर ते बिचारे चक्रावतील!