मिळेल, सह आणि उमर खय्याम

मेळाव्याचे अध्यक्ष जाहिरातीवर बोलणार म्हटल्यावर मुंबईच्या एजन्सींची नावं ऐकायची तयारी अनेकांनी केली असेल. जुन्नर-आंबेगावात भरलेल्या मेळाव्याला त्याची गरज नाही. ब्रँडचा सूर, म्हणजे माल गिऱ्हाइकाशी बोलतो कसा, याचे नमुने इथे नाणेघाटापासून हायवेपर्यंत पडलेले आहेत.

नाणेघाटातला लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला. सातवाहनांनी कोणते यज्ञ केले, किती गायी, घोडे, कार्षापण दान दिले, याची त्यात आकड्यांसकट यादी आहे. ती कोरली कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्याच्या वाटेवर. जवळच दगडी रांजण. तो जकातीचा, असं सांगतात. घराण्याची थोरवी ऐकवायची ती हिशेबाच्या सुरात, कारण ऐकणाराही हिशेबातलाच.

नारायणगावात यात्रांचा हंगाम तोंडावर आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. बाहेरचे फलक नीट वाचावेत. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर लोकनाट्य तमाशा मंडळ’. मुलगा आणि आई एका ओळीत, मध्ये एकच ‘सह’. ‘लोकनाट्य’ हा शब्द भारदस्त, आणि तो तसाच हवा. समोरच्या माणसाला गावच्या वर्गणीचा जाब द्यायचा असतो. तोच फड यात्रेच्या गावी पोचला की गाडीवरचा भोंगा ‘आज राऽऽत्री’ असा सूर ओढतो. कमिटीला आदब, प्रेक्षकाला ओढ. माल एक, गळे दोन.

आता मंचर. पराग मिल्क फूड्स या कंपनीची सुरुवात १९९२ची. तिच्या तुपाचं नाव ‘गोवर्धन’. हे नाव देवघरात आणि स्वयंपाकघरात सारखंच शोभतं, नैवेद्याच्या वाटीशेजारी डबा खुशाल ठेवावा. चीज आलं तेव्हा ‘गो’ एवढंच उरलं. मराठी कानाला ती गाय, इंग्रजी कानाला ‘चल, पळ’. पिझ्झावर पसरणाऱ्या पदार्थाला एवढं पुरतं. २०११मध्ये ‘प्राइड ऑफ काउज’ आलं: स्वतःच्या गोठ्यातलं दूध, थेट मुंबईच्या घरी. इथे मराठी नाव चाललंच नसतं असं नाही, पण नेहमीच्या पिशवीपेक्षा बरेच जास्त पैसे मोजणाऱ्या घराशी कंपनी इंग्रजीत बोलली. याच नावाचं तूप घेऊन कुणी पुरणपोळीवर धार धरेल का? अध्यक्षांना शंका आहे.

आणि याच भागातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला काय ऐकू येतं? ‘फॅट किती लागलं?’ चिठ्ठीवर फॅट, एसएनएफ, लिटर, दर. तिथे गाईचा अभिमान कुणी बोलून दाखवत नाही. पाव पॉइंट कमी लागला की दूधवाल्याचा चेहरा बोलतो.

नारायणगावच्या शातो इंडाजने तर फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बुडबुड्यांची वाइन केली. परदेशी धाडलेली बाटली फारसी कवीच्या नावाची, ‘उमर खय्याम’. देशात विकायला ‘मार्क्विझ द पॉम्पादूर’. इंग्रजाला पूर्वेची चव विकायची आणि आपल्याला फ्रान्सची! नारायणगाव मात्र दोन्ही लेबलांच्या नावांत नव्हतं. अध्यक्षांना हे आजही खटकतं. तमाशाच्या फलकावर ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असं गाव मिरवतं, त्याने सुपारी कधी कमी झाली नाही.

समोर बसलेले हॉटेलवाले विचारतील, आमच्या पाटीचं काय? पुणे-नाशिक रस्त्यावर ‘अस्सल महाराष्ट्रीय खाद्यसंस्कृतीचा राजेशाही अनुभव’ अशा पाट्या वाढल्यात. त्यांच्याच शेजारी पत्र्यावर हाताने रंगवलेलं असतं: ‘मासवडी रस्सा मिळेल’. नवखा गाडीतून उतरून विचारतो, ‘मासे आहेत का यात?’ आतून आवाज येतो, ‘बेसन, तीळ, खोबरं. बसा, वाढते.’